पट्ट्यावरचा छकडा: ब्रेन कॅरियर

शिलेदार (धागाकर्ता)

मंडळी, गेल्या उन्हाळ्यात इथे इंग्लंडात जुन्या लष्करी गाड्यांच्या एका जत्रेला गेलो होतो. जत्राच म्हणायची ती. चहाचे तंबू, खांद्यावर पोरं घेतलेले बाप आणि शेतभर पेट्रोलचा वास. गर्दी अर्थातच शर्मन टँकभोवती. मी मात्र अडकलो तो कडेला उभ्या असलेल्या एका बुटक्या, बिनछपराच्या लोखंडी खोक्यापाशी. उंची जेमतेम माझ्या खांद्याला, लांबी आपल्या जुन्या मारुती व्हॅनपेक्षा वीतभर जास्त. पुढे मशीनगनसाठी खाच, आत मोटारीला असतं तसलं गोल स्टिअरिंग. पाटीवर नाव होतं युनिव्हर्सल कॅरियर.

मालक सत्तरीचे. म्हणाले, बस की आत. मी मागच्या बाजूला शिरलो. इंजिन गाडीच्या बरोब्बर मधोमध, त्यावर पत्र्याचं खोकं, आणि माणसांनी बसायचं ते त्याच्या दोन्ही अंगांना उरलेल्या चिंचोळ्या पट्टीत. त्यांनी इंजिन चालू केलं आणि दहा मिनिटांत माझी मांडी तव्यावर ठेवल्यासारखी झाली. हे इंग्लंडातल्या ढगाळ सकाळी. दुसऱ्या महायुद्धात लिबियाच्या वाळवंटात काय होत असेल याचा अंदाज करा.

घरी आल्यावर वाचत सुटलो. १९२० च्या दशकात जॉन कार्डन आणि व्हिव्हियन लॉइड या जोडगोळीनं चिमुकले टँकेट बनवले. त्यांचा मार्क सहा हा नमुना देशोदेशी उचलला गेला. इटलीची सीव्ही-३३ आणि रशियाची टी-२७ ही त्याचीच पिल्लं. १९२८ मध्ये व्हिकर्स-आर्मस्ट्राँगनं त्यांची कंपनी विकत घेतली. पुढे १९३४-३५ मध्ये व्हिकर्सनं स्वतःच्या खर्चानं डी-५० नावाची गाडी केली. तिच्याकडून अपेक्षा दुहेरी होती: एकतर मशीनगन आणि तिची माणसं वाहायची, नाहीतर मागे हलकी तोफ जोडून ओढायची. म्हणजे गाडी जन्मतःच दोन घरचा पाहुणा!

१९३८ च्या सुमाराला हिचीच 'ब्रेन गन कॅरियर' (ब्रेन ही पायदळाची हलकी मशीनगन) ही आवृत्ती ब्रिटिश पलटणींना मिळू लागली. टेहळणीची वेगळी, घोडदळाची वेगळी असे प्रकारही होते. १९४० मध्ये ते सगळे गुंडाळून एकच गाडी ठरवली, युनिव्हर्सल. शिपायांनी मात्र 'ब्रेन कॅरियर' म्हणणं शेवटपर्यंत सोडलं नाही. १९६० पर्यंत सगळ्या देशांत मिळून सुमारे १,१३,००० बनल्या. चिलखती लढाऊ गाड्यांत हा आकडा दुसऱ्या कुणाला गाठता आलेला नाही.

तर प्रश्न असा. एवढ्या बनवल्या, पण ही नक्की होती काय? टँक नाही, धड ट्रॅक्टर नाही, आणि माणसं तरी किती बसतात, तीन ते पाच. जाणकारांनी प्रकाश टाकावा.

गोंधळी

पहिला! आता वाचतो.

चक्रधर

शिलेदार, तुमची मांडी का भाजली ते सांगतो. आत फोर्डचं व्ही-८ इंजिन आहे, ८५ अश्वशक्तीचं, त्या काळात फोर्डच्या मोटारींत आणि ट्रकांत जायचं तेच. त्याला फ्लॅटहेड म्हणतात. त्याची खोड अशी की जळका वायू बाहेर काढणाऱ्या वाटा सिलिंडरांच्या मधून, ब्लॉकमधूनच जातात. त्यामुळे सगळी आग आधी ब्लॉकला आणि पाण्याला लागते, मग बाहेर पडते. रस्त्यावर धावणाऱ्या मोटारीला समोरून वारा मिळतो. इथे तेच इंजिन चिलखताच्या डबड्यात कोंडलेलं, वर माणसांचं सामान टाकलेलं. तापणार नाही तर काय!

पण माझं या गाडीवरचं प्रेम वेगळ्याच गोष्टीसाठी आहे, ते तुम्ही पाहिलेलं गोल स्टिअरिंग. पट्ट्याच्या गाडीला सहसा दोन दांडे असतात. डावा ओढला की डावा पट्टा थांबतो आणि गाडी झटका देऊन वळते. जेसीबीच्या पोकलेनवाल्याला विचारा, सरळ रेषेत थोडीशी डावीकडे न्यायची म्हटलं तर किती कसरत लागते. कॅरियरमध्ये चाक थोडंसं फिरवलं तर ब्रेक लागतच नाही. पुढची दोन चाकांची बोगी, एका आडव्या दांड्यावर बसवलेली, तेवढीच बाजूला सरकते. तिच्याबरोबर दोन्ही पट्टे धनुष्यासारखे किंचित वाकतात आणि गाडी त्या बाकानं अलगद वळते. चाक आणखी फिरवलं की मग त्या बाजूचा ब्रेक लागतो आणि गाडी गर्रकन फिरते. एकाच चाकात दोन्ही. पक्क्या रस्त्यावर ताशी ४८ किलोमीटर वेग ती धरू शकली यात या युक्तीचा वाटा मोठा आहे. मागचा दातेरी चाकाचा ड्राइव्हसुद्धा ट्रकच्या मागच्या आसासारखाच. ट्रक शिकलेला पोरगा आठवड्यात कॅरियर चालवू शके ते यामुळेच.

मुक्ता_ओंटारियो

अरे वा, माझ्या अंगणातला विषय! आम्ही विंडसरजवळ राहतो. डेट्रॉइट नदीपलीकडे दिसतं ते गाव. युद्धात इथल्या फोर्डच्या कारखान्यातून सुमारे २९,००० कॅरियर बाहेर पडल्या. मोटारी बनवणाऱ्याच गावाला गाड्या बनवायच्या होत्या, फक्त रबराच्या जागी लोखंडी पट्टे. ब्रिटननं त्याच्या साधारण दुप्पट बनवल्या. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडनंही आपापल्या केल्या. अमेरिकेनं टी-१६ नावाची थोडी लांब गाडी फक्त दोस्तांना द्यायला केली, स्वतःच्या सैन्याला नाही.

पलटणींत यांची संख्या कशी फुगत गेली ते बघा. युद्धाच्या सुरुवातीला एका ब्रिटिश पायदळी बटालियनला १० कॅरियर. १९४३ पर्यंत तोच आकडा ३३ पर्यंत गेला. गाडी निरुपयोगी असती तर असं झालं नसतं, शिलेदारभाऊ.

फुकटसल्ला

ताई, संख्या वाढली म्हणजे गाडी चांगली, हा हिशेब मला पटत नाही. पुण्यात रिक्षाही खूप आहेत.

चिलखत ७ ते १० मिलिमीटर. म्हणजे साधी रायफलीची गोळी लांबून आली तर थांबेल, जवळून चिलखतभेदी आली तर नाही. वरून उघडी. बुनाची गोष्ट वाचा. न्यू गिनीमध्ये ५ डिसेंबर १९४२ ला नारळाच्या बागेतल्या जपानी मोर्चांवर पाच ऑस्ट्रेलियन ब्रेन कॅरियर पुढे घातल्या, कारण टँक वेळेवर पोचले नव्हते आणि 'पट्टे आहेत, चिलखत आहे, मग हाच टँक' असा हिशेब कुणीतरी केला. अर्ध्या तासात पाचच्या पाच बाद. जपानी सैनिक झाडांवर बसले होते, त्यांना वरून थेट आतली माणसं दिसत होती. बॉम्ब नुसते आत टाकायचे. पंधरवड्यानं, १८ डिसेंबरला, खरे स्टुअर्ट टँक आले तेव्हा तीच मोर्चेबंदी फुटली.

ज्या गाडीला बघून अधिकाऱ्याला टँकचा भास होतो ती गाडी धोकादायक. बिनचिलखती ट्रक असता तर कुणी त्याला तिथे घातला नसता आणि ती पोरं वाचली असती.

गोंधळी

+१ रिक्षासाठी.

शिलेदार

फुकटसल्ला, बुनाची बाजू मान्य. पण त्याच्या महिन्याभरातच दुसऱ्या टोकाला, ब्रह्मदेशातल्या अराकानमध्ये, याच गाडीनं काय केलं तेही मांडू दे.

जागा मायू द्वीपकल्पावरचं डोनबाइक, तारीख ६ जानेवारी १९४३. ५/८ पंजाब रेजिमेंटचे हवालदार प्रकाश सिंग आपली कॅरियर घेऊन पुढे गेले आणि भर गोळीबारात दोन अडकलेल्या कॅरियरांमधली माणसं काढून घेऊन आले. १९ जानेवारीला त्याच भागात जपानी रणगाडाभेदी तोफेनं आणखी तीन कॅरियर निकामी केल्या. प्रकाश सिंग परत पुढे. एका फुटलेल्या गाडीतली माणसं आणली. मग पुन्हा गेले, कारण आणखी एकीत दोन जखमी अडकले होते. ती गाडी त्यांनी आपल्या गाडीला जोडून ओढत मागे आणली. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला.

इथे बघा, गाडीनं एकही मोर्चा फोडला नाही. तिनं माणसं वाहिली आणि ओझं ओढलं. व्हिकर्सनं १९३४ मध्ये जे काम तिला नेमून दिलं होतं तेवढंच. तुम्ही म्हणता तो घोटाळा गाडीत नाही, तिला टँक समजणाऱ्यांच्या डोक्यात आहे.

फुकटसल्ला

हे मात्र आवडलं. पण त्या तीन गाड्या तोफेसमोर कुणी पाठवल्या होत्या? तेच तर म्हणतोय. :)

माणदेशी

वाचतोय. आजोबांबद्दल लिहायचं आहे, रात्री सवडीनं टंकतो.

चक्रधर

ओढण्याच्या बाबतीत थोडी दुरुस्ती करू का? डी-५० च्या मनात तोफ ओढणं होतं, पण मधल्या काळात ब्रिटिशांनी ते बाजूला ठेवलं. सुरुवातीच्या युनिव्हर्सलला ओढण्यासाठी नीट हूकच नव्हता. तो मार्क दोनला आला. सहा पाउंडी रणगाडाभेदी तोफ साधारण ११४० किलोची, आणि कॅरियर स्वतः पावणेचार-चार टनांची. ओढायची ती, पण इंजिनाचा जीव काढून. म्हणून त्या कामाला लॉइड कॅरियर नावाची वेगळी गाडी केली. तोच व्हिव्हियन लॉइड, कार्डन १९३५ मध्ये विमान अपघातात गेला होता. लॉइडची गाडी बहुतेक बिनचिलखती, पत्र्याची, इंजिन मागे, पुढे मोकळी जागा. सहा पाउंडी तोफ, ४.२ इंची उखळी तोफ आणि त्यांची माणसं हिच्यामागे गेली. कॅरियरचं नाव झालं, लॉइडला कुणी विचारत नाही. घरात धाकट्या जावेचं होतं तसं.

बाकीच्यांनी हाच प्रश्न कसा सोडवला ते बघण्यासारखं आहे. रशियानं १९३७ मध्ये टी-२० कोमसोमोलेत्स काढली. ४५ मिलिमीटरची तोफ ओढणारा चिलखती ट्रॅक्टर. चालक आणि मशीनगनवाला चिलखतात. तोफेवरचे सहा जण? ते बाहेर, गाडीच्या पाठीवर, दोन बाकांवर एकमेकांना पाठ लावून, पाय बाहेर सोडून! एसटीच्या टपावर बसून जत्रेला निघाल्यासारखे. जर्मनांनी उलटं केलं. तोफ ओढणारा अर्धपट्ट्याचा ट्रॅक्टर आधीच होता, त्याच्या चासीवर चिलखती खोकं चढवून एसडी केएफझेड २५१ केली. दहा सैनिक आत, १०० अश्वशक्तीचं इंजिन, युद्ध संपेपर्यंत सुमारे १५,००० नग. गाडी देखणी, पण चाकं एकमेकांत अडकवून बसवलेली. आतलं एक बदलायचं तर बाहेरची आधी काढा. रशियाच्या हिवाळ्यात त्यांच्यामध्ये चिखल गोठून दगड व्हायचा. जपान्यांची टाइप १ हो-की तर अगदी धाग्याच्या विषयाची: पूर्ण पट्ट्याची, डझनभर पायदळ वाहायचं आणि तोफही ओढायची. पण फार थोड्या बनल्या.

माझ्या मते या सगळ्यांत डोकं चालवलं ते कॅनडाच्या जनरल सायमंड्सनं. ऑगस्ट १९४४, नॉर्मंडी. त्यानं प्रीस्ट नावाच्या स्वयंचलित तोफगाड्यांच्या तोफा काढायला लावल्या, ती भोकं पोलादानं बुजवली आणि ७६ गाड्या पायदळ वाहायला दिल्या. कांगारू म्हणतात त्यांना. पायदळाला टँकच्या बरोबरीनं न्यायचं तर टँकच्याच जाडीचं चिलखत हवं, ही साधी गोष्ट कळायला पाच वर्षं लागली.

मुक्ता_ओंटारियो

धाकट्या जावेचा निषेध! मी धाकटी जाऊ आहे.

नगरकर

अवांतर वाटेल, पण आमच्या नगरचा (सरकारी कागदावर आता अहिल्यानगर) उल्लेख झाल्याशिवाय हा धागा पुरा कसा होईल? १९९४ पासून इथे कॅव्हलरी टँक म्युझियम आहे. जपानी टँकसुद्धा बघायला मिळतात. लहानपणी सहल गेली होती तेव्हा आमच्या गुरुजींनी प्रत्येक गाडीपुढे 'हा रणगाडा' एवढंच सांगितलं, मग तो टँक असो की चिलखती मोटार. इथेच मेकॅनाइज्ड इन्फंट्रीचं रेजिमेंटल सेंटर आहे. ती रेजिमेंट १९७९ ची. म्हणजे पट्ट्याच्या गाडीतून जाणारं पायदळ ही कल्पना आज जिथे रोज शिकवली जाते ते गाव आमचं.

आता मराठी माणसाचा आणि कॅरियरचा खरा संबंध. ९ एप्रिल १९४५, इटलीतली सेनिओ नदी. दोन्ही काठांवर उंच मातीचे बांध, आपल्याकडे धरणाच्या भरावाचा असतो तसा, आणि त्यात पोखरून जर्मन बसलेले. त्या संध्याकाळच्या हल्ल्यात आठव्या भारतीय डिव्हिजननं आगीच्या झोतांचा वापर केला. त्यात चर्चिल टँकवरचे क्रोकोडाइल होते आणि वास्पही. वास्प म्हणजे आपली हीच कॅरियर, माणसांच्या जागी इंधनाच्या टाक्या आणि पुढे झोत फेकणारी नळी. मला ही कल्पनाच अंगावर काटा आणते. दहा मिलिमीटरच्या पत्र्याआड टाकीला टेकून बसायचं आणि शत्रूच्या बांधापर्यंत जायचं.

त्याच हल्ल्यात १/५ मराठा लाइट इन्फंट्रीचे शिपाई नामदेव जाधव यांनी जखमी साथीदारांना पाठीवर घेऊन नदी आणि सुरुंगांचा पट्टा ओलांडला आणि मग एकट्यानं मशीनगनच्या जागा संपवल्या. व्हिक्टोरिया क्रॉस. गाव निमज, आमच्याच जिल्ह्यातलं, संगमनेर तालुक्यात. सगळी यंत्रं असूनही जखमी शेवटी पाठीवरच न्यावे लागले, हेही लक्षात घ्या, कारण बांधाच्या उतारावर आणि नदीत कॅरियर काय करणार!

फुकटसल्ला

नगरकर, उत्तम प्रतिसाद. वास्पमध्ये बसणाऱ्याला दंडवत.

पोलादी_मन

एक राहिलंच. भारतात कॅरियर का बनल्या नाहीत? तर बनल्या, पण चाकांच्या. पट्टे, त्यांची चाकं, ते स्टिअरिंग हे सगळं इथे ओतायची सोय नव्हती. म्हणून कॅनडाहून चार चाकांवर चालणाऱ्या ट्रकांच्या चासी आणल्या, टाटांनी जमशेदपूरला चिलखती पत्रे दिले आणि ईस्ट इंडियन रेल्वेच्या कारखान्यांनी त्यावर खोकी चढवली. सरकारी नाव 'व्हील्ड कॅरियर, इंडियन पॅटर्न', बोलीतलं नाव टाटानगर. साडेचार हजारांवर बनल्या. चिखलात पट्ट्याची सर नव्हती. पण टायर फाटला तर बदलता येतो, पट्टा तुटला तर हजार मैलांवरून मागवावा लागतो. भारतीय डिव्हिजनांच्या टेहळणीत त्या वाळवंटात आणि इटलीत फिरल्या.

मुक्ताताई, म्हणजे चासी तुमच्या कॅनडातून आणि पोलाद आमच्या जमशेदपुरातून.

गोंधळी

तामियाचं ३५ पटीनं लहान मॉडेल मिळतं हिचं. मी शाळेत असताना जोडलं होतं. पट्टे चिकटवताना डिंक बोटांना, बोटं पट्ट्यांना. तेव्हापासून माझाही या गाडीवर राग आहे.

माणदेशी

उशीर झाला, माफी असावी. शेतात पाणी सोडायची पाळी रात्रीची होती.

माझे आजोबा पाचव्या मराठात होते, बेळगावला भरती झाले आणि कॅरियर प्लाटूनमध्ये चालक म्हणून गेले. पलटणीत येण्याआधी त्यांनी बैलगाडीशिवाय काही हाकलं नव्हतं. युद्धाच्या गोष्टी सांगायचे नाहीत. विचारलं की 'थंडी लई' एवढंच इटलीबद्दल. पण गाडीबद्दल विचारलं की सुटायचे. सकाळी उठून पहिलं काम पट्टा बघायचा. ढिला झाला की एक कडी काढायची, खुंटी ठोकायची, परत बांधायचा. हाताची कातडी थंड लोखंडाला चिकटायची म्हणून हाताला चिंध्या बांधायच्या. माणसं कमी आणि सामानच जास्त वाहिलं म्हणायचे: पाण्याचे डबे, दारूगोळ्याच्या पेट्या, पुढे गरम जेवण, येताना जखमी. एकदा चिखलात रुतलेली जीप ओढून काढली तर जीपवाल्या साहेबानं सिगरेटचं पाकीट दिलं. आजोबा ओढत नव्हते, त्यांनी ते कुणाला तरी बिस्किटांच्या बदल्यात दिलं. ही त्यांची युद्धातली सगळ्यात मोठी कमाई.

चक्रधरदादांनी स्टिअरिंगचं लिहिलंय ते वाचून मी एकदम थांबलो. आमच्याकडे पहिला ट्रॅक्टर आला तेव्हा मला शिकवायला आजोबाच बसले होते. मी चाक गरागरा फिरवायचो. ते म्हणायचे, 'जरासं फिरव. जरासं फिरवलं तर ती ऐकती, लई फिरवलं तर भांडती.' ट्रॅक्टरला हे लागू पडत नाही, मला वाटायचं म्हातारपणाचं बोलणं आहे. आज कळलं ते कुठल्या गाडीबद्दल बोलत होते.

चक्रधर

माणदेशी, बोगी सरकण्याचं आणि ब्रेक लागण्याचं मी दहा ओळींत लिहिलं. आजोबांनी एका ओळीत संपवलं.

नगरकर

माणदेशीराव, आजोबांचं पेबुक किंवा डिस्चार्जचा कागद घरात असेल तर जपून ठेवा. वाळवीपासून सांभाळा, प्लास्टिकच्या पिशवीत ठेवू नका, दमट होतो.

माणदेशी

पदकं आहेत. कागद चुलत्यांकडे. दिवाळीला विचारतो.

फुकटसल्ला

मी माघार घेत नाही, बुना ते बुनाच. पण पाण्याचे डबे, पेट्या, गरम जेवण, जखमी हे वाचल्यावर एवढं म्हणतो की ही गाडी टँकच्या रांगेत उभी करण्यापेक्षा खेचरांच्या रांगेत उभी केली असती तर निम्म्या शिव्या वाचल्या असत्या.

शिलेदार

माणदेशी, फार आभार. पुढच्या महिन्यात परत ती जत्रा आहे. त्या गाडीच्या मालकांना तुमच्या आजोबांचं वाक्य इंग्रजीत कसं सांगायचं याचाच विचार करतोय, 'भांडती' ला शब्द सापडेना. या वेळी मागे बसणार नाही, पुढे चालकाच्या शेजारी जागा मागणार आहे. पट्ट्याची कडी काढताना दाखवा म्हणून गळ घालतो. जमलं तर फोटो इथेच टाकेन.